अर्धी शिंक

"हं, आता बघ. आता येतेय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

मी मोबाइल आडवा धरून उभी होते. अण्णा म्हणजे माझे सासरे. सतरंजीवर मांडी ठोकून बसलेले, आणि त्यांच्यासमोर हातभर अंतरावर माझी चौदा महिन्यांची रेवा. कोपऱ्यातल्या टेपवर अच्युत टेंभ्यांचं ‘डबा विसरला’ लागलं होतं. कडवं संपत आलं, पेटीचा सूर लांबला आणि टेंभे मास्तरांना ती त्यांची शिंक यायला लागली. आऽ. आऽऽ. आऽऽऽ. टेपबरोबर अण्णांचंही नाक वर गेलं, डोळे बारीक झाले, भुवया कपाळात चढल्या, तोंड उघडं राहिलं. आणि शिंक आलीच नाही. टेंभ्यांची कधीच यायची नाही. सगळं नाट्यगृह श्वास धरून बसायचं आणि मास्तर अगदी थंडपणे "असो" म्हणून पुढचं कडवं धरायचे.

रेवा खदखदून हसली. हसता हसता मागेच कलंडली.

त्याच वेळी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. अण्णांनी तिकडे पाहिलं, मी पाहिलं. रेवा उताणी पडून अण्णांच्या तोंडाकडे बघत हसतच होती.

"आलं ना सगळं त्यात?" अण्णांनी विचारलं.

"आलं," मी म्हटलं.

पाच मिनिटांत ते चित्रण ‘टेंभेदर्शन’ ग्रुपवर गेलं. खाली अण्णांनी माझ्याकडून लिहवून घेतलं : सांगलीची श्रोती, वय महिने चौदा. मग नांदेडपासून बडोद्यापर्यंतच्या लोकांची ‘छी’ यायला लागली, आणि अण्णा संध्याकाळभर प्रत्येक ‘छी’ मोठ्यानं वाचून आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ऐकवत राहिले.

त्या ‘छी’ची गोष्ट अशी. टेंभे मास्तर जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. रेशनच्या रांगेवर, टकलावर, उतू गेलेल्या दुधावर पेटी वाजवत गाणी म्हणणारा तो माणूस. त्याला ना कुठला पुरस्कार मिळाला, ना कुणी त्याच्यावर पुस्तक लिहिलं. म्हणून त्यांच्या चाहत्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं. जगात कुठेही टेंभ्यांचं नाव आलं की ते पकडायचं. कुणाला ते शब्दकोड्यात सापडायचे, कुणाला सिनेमात मागे वाजणाऱ्या रेडिओवर, कुणाला मसाल्याच्या जाहिरातीत. ज्याला आधी सापडतील त्यानं ग्रुपवर नुसतं ‘आऽऽ’ टाकायचं आणि मग कुठे सापडले ते सांगायचं. बाकीच्यांनी ‘छी’ लिहून मास्तरांची राहिलेली शिंक पुरी करायची. ज्याचा ‘आऽऽ’ पहिला, दर्शन त्याच्या नावावर. यात बेळगावचे हेरेकर नावाचे गृहस्थ सगळ्यांच्या पुढे असत आणि ते अण्णांना फार सलायचं. तरुणपणी, टेलिफोन खात्यात नुकते लागले होते तेव्हा, मास्तर सांगलीला आले की त्यांची पेटी स्टँडवरून नाट्यगृहापर्यंत अण्णाच उचलून न्यायचे. एकदा तर भाता फाटला होता तो यांनी तिथल्या तिथे शिवून दिला होता. हेरेकरांनी मास्तरांना कधी जवळून पाहिलंसुद्धा नव्हतं.

घरातही एक रीत होती. टीव्हीवर टेंभ्यांचं नाव आलं की आईंच्या माहेरची काशाची थाळी पळीनं बडवायची. थाळी-पळी टीव्हीशेजारच्या स्टुलावर कायमची ठेवलेली. अण्णांचं बोट मोबाइलवर जड पडायचं, म्हणून थाळी त्यांची आणि ग्रुपवर ‘आऽऽ’ टाकायचं काम माझं. सून झाल्यापासून त्या घरात मला मिळालेलं हे पहिलं मानाचं काम, असं मी माहेरी हसत सांगायची.

हे सगळं मला आवडायचं. रेवा सहा-सात महिन्यांची होईपर्यंत आवडायचं.

मग मला काही काही दिसायला लागलं. गल्लीतून ढोल-ताशा गेला तेव्हा शेजारचं तान्हं किंचाळून उठलं. रेवा पाळण्यात तशीच झोपलेली. गुणाची पोर आहे, असं आई म्हणाल्या. पाचव्या महिन्यात ती जे बा-बा, ग्गा-ग्गा करायची ते हळूहळू कमी होत बंद पडलं. हाक मारली की वळायची, पण कधी? सावली पडली की. दार उघडून वारा आला की. समोर बसलेल्या माणसानं मान वर केली की. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली. पुढे कॉलेजात दोन वर्षं शिकवलंही, रेवाच्या वेळी सोडलं. प्रयोगशाळेत आमच्याकडून एक गोष्ट घोटून घेतली होती : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, आणि मग बघायचं. मी घरात हेच करायला लागले. तिच्या मागे उभी राहून वाटी वाजवायची. चादरीआडून टाळी. कधी वळायची, कधी नाही. वळली की मला बरं वाटायचं, आणि मग लक्षात यायचं की समोरच्या खुर्चीत आई होत्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं.

माझा नवरा हृषीकेश पुण्याला नोकरीला. शनिवारी यायचा, रविवारी रात्री परत. त्याला मी सांगितलं तेव्हा त्यानं माझा मोबाइल हातातून काढून उशीखाली ठेवला आणि म्हणाला की तू आता नेटवर वाचणं बंद कर. आई म्हणाल्या, हृषीही अडीच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आणि तिन्हीसांजेला लेकराबद्दल असलं बोलू नये. अण्णा मात्र रागावले नाहीत. त्यांना माझी कीव आली असावी. मला समोर बसवून समजूत घातली.

"हे बघ ऋजुता. कान नसते तर पोर बरोब्बर शिंकेलाच हसली असती का गं? आधी नाही, नंतर नाही. तिथंच."

"ती तुमच्या तोंडाकडे बघते, अण्णा."

"मग? गाणं ऐकणारा माणूस गाणाऱ्याच्या तोंडाकडेच बघतो. आम्हीसुद्धा पुढच्या रांगेत बसून तेच करायचो."

ते चित्रण मोबाइलवर होतंच. कुणी पाहुणे आले आणि मी काही बोलू लागले की अण्णा ते काढून दाखवायचे. पाहुणे हसायचे, रेवाचा गालगुच्चा घ्यायचे, आणि माझ्याकडे बघून नव्या आया अशाच असतात म्हणायचे.

लसीच्या वेळी मी बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घातलं. त्यांनी रेवाच्या मागे चुटकी वाजवली, ती वळली. आई समोर होत्याच. तरीही त्यांनी मला मिरजेच्या एका कान-तपासणी केंद्राचा नंबर दिला. शंका असेल तर ठेवू नका म्हणाले. असलं काही निघालं तर जितकं लवकर कळेल तितकं बरं, दोन वर्षांच्या आत धावपळ सुरू झाली तर बोलणं येतं, मग अवघड होत जातं. हे शेवटचं वाक्य ते अगदी सहज बोलून गेले आणि पुढच्या बाळाला हाक मारली.

तो नंबर मी ‘मिक्सर दुरुस्ती’ या नावानं साठवला. कुणी विचारू नये म्हणून. रोज दुपारी रेवा झोपली की तो काढून बघायची आणि बंद करायची. एकटीनं रिक्षा करून मिरजेला जायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण ते हसू मलाही हवं होतं. अण्णांचं खरं निघावं असं त्या घरात सगळ्यांत जास्त मलाच वाटत होतं.

आणि त्याच दिवसांत ग्रुपवर बातमी आली. संध्याकाळी आठला एका वाहिनीवर प्रश्नमंजूषेचा मोठा कार्यक्रम लागायचा. अख्खं राज्य बघायचं. त्याच्या चित्रीकरणाला ग्रुपमधल्या कुणाचीतरी मेहुणी प्रेक्षकांत बसून आली होती. तिला काही सांगायची परवानगी नव्हती. तिनं एवढंच म्हटलं की या आठवड्यात टीव्हीसमोरून उठू नका. शब्दकोडं वेगळं, मसाल्याची जाहिरात वेगळी. इथं सूत्रसंचालक मास्तरांचं नाव घेणार, सगळा महाराष्ट्र ऐकणार. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत धड. थाळी चिंचेनं घासून लखलखीत केली. मला म्हणाले, अंगठा तयार ठेव, हेरेकर टपून बसला असेल.

मी होकार दिला. आणि मनाशी ठरवलं की थाळी वाजेल तेव्हा रेवाची पाठ तिकडे असेल.

याहून चांगली परीक्षा मला कुठे मिळणार होती? काशाची थाळी, तीन पावलांवर, पूर्ण जोरानं. हातात धरलेली, म्हणजे फरशीही हलणार नाही. आणि सगळ्यांचं लक्ष टीव्हीकडे, म्हणजे रेवाला कुणाच्या तोंडावरून काही कळणार नाही. फक्त तिला नीट बसवायचं.

सोमवारी मी तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं, पुढे रंगीत चकत्या टाकल्या. आईंनी लगेच पाहिलं. "अगं, शिक्षा केल्यासारखं भिंतीकडे तोंड काय करून बसवलंस तिला?" म्हणत उचलून मांडीवर घेतलं. त्या दिवशी टेंभे आले नाहीत.

मंगळवारी मी तिला शोकेससमोर बसवलं. मध्येच माझ्या ध्यानात आलं की ती चकत्या सोडून काचेत बघतेय. काचेत सगळा टीव्ही दिसत होता. अण्णांचा हातही दिसला असता. त्या दिवशीही टेंभे आले नाहीत, आणि मी देवाचे आभार मानले. बुधवारी ती कार्यक्रमाआधीच झोपली.

गुरुवारी मी दुपारी तिला जास्त झोपवलं. पावणेआठला दिवाण आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात दुपटं अंथरलं. तिथं समोर नुसती भिंत, त्यावर कॅलेंडर, काच नाही, सावली नाही. आई खुर्चीत मेथी निवडत होत्या. जुडी मोठी आणली होती मीच, मुद्दाम. अण्णा टीव्हीसमोर वेताच्या मोड्यावर. मी दिवाणाच्या कडेला, मोबाइल हातात, ग्रुप उघडा. रेवा चकत्यांवर चकत्या चढवत बसली. निळी, तिच्यावर पिवळी. पिवळी पडली. पुन्हा चढवली.

परभणीच्या एक शिक्षिका खेळत होत्या. तीन प्रश्न झाले. जाहिराती झाल्या. अण्णांनी पळी हातात घेतली होती ती खाली ठेवली नव्हती.

मग सूत्रसंचालक कार्डाकडे बघून किंचित हसला आणि मला कळलं. अण्णांनाही कळलं, ते मोड्यावरून अर्धे उठले.

‘डबा विसरला’ या गाण्यासाठी आणि कधीच न येणाऱ्या शिंकेसाठी कोणते विनोदी गायक प्रसिद्ध होते, असा तो प्रश्न होता. चार नावं आली. तिसरं नाव अच्युत टेंभे.

आणि अण्णांनी थाळी बडवली.

आधी कधी मी ती इतक्या जोरात ऐकली नव्हती. आईंच्या हातून मेथी सांडली. माझे स्वतःचे खांदे उडाले, मला माहीत असून. टीव्हीवर त्या शिक्षिका हसून म्हणाल्या, टेंभे, आमच्या वडलांचे लाडके, आणि सूत्रसंचालकानं नाक वर करून अर्धी शिंक काढली. सगळे प्रेक्षक हसले. अण्णा बडवत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, चष्मा घसरला होता. "सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं गं!" ते आईंना म्हणाले. "टाक, ऋजुता, टाक लवकर. टाकलंस का?"

मी काही टाकलं नव्हतं. मी रेवाकडे बघत होते.

तिनं निळ्या चकतीवर पिवळी चढवली. पिवळीवर लाल. मग चौथी शोधायला हात पुढे केला. तिचा खांदा हलला नाही, मानेवरच्या जावळाचं टोक हललं नाही.

"टाकलंस का?" अण्णांनी पुन्हा विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग मी कुठे बघतेय तिकडे पाहिलं.

त्यांचा हात थांबला. क्षणभर टीव्हीतल्या टाळ्याच तेवढ्या ऐकू येत होत्या. मग त्यांनी थाळी वर उचलली, रेवाकडे बघत, आणि एक ठोका दिला. एकच. थाळीचा नाद घरभर फिरून विरेपर्यंत ते थांबले.

रेवानं लाल चकती तोंडात घातली.

ते दोन पावलं पुढे गेले. पुन्हा एक ठोका दिला, तिच्या डोक्यामागे.

"पुरे की आता," आई खाली वाकून मेथी गोळा करत म्हणाल्या. "शेजारचे येतील विचारायला. कळलं सगळ्यांना."

अण्णांनी आणखी एक ठोका दिला. तो फार जोरात नव्हता. कुणाला हाक मारावी तसा तो होता.

मग आईंनी वर पाहिलं, आधी अण्णांकडे, मग रेवाकडे.

माझ्या हातातला मोबाइल थरथरायला लागला. ग्रुपवर ‘आऽऽ’ पडला होता, हेरेकरांचा, आणि त्याखाली भराभरा ‘छी’. अण्णांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी थाळी दिवाणावर ठेवली, तीही आवाज होऊ न देता, आणि दिवाण सरकवून भिंतीशी, रेवाच्या समोर, जाऊन बसले. त्यांना बघताक्षणी तिचं तोंड फुललं. चकती टाकून तिनं दोन्ही हात वर केले.

"टीव्ही बंद कर," ते मला म्हणाले.

मी बंद केला. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग त्यांनी नाक वर केलं, डोळे बारीक केले, भुवया चढवल्या, तोंड उघडलं. घशातून आवाज काढला नाही. श्वाससुद्धा नाही. खोलीत इतकी शांतता होती की आईंच्या हातातल्या मेथीच्या काड्या वाजलेल्या मला ऐकू आल्या. अण्णा तसेच थांबले, आणि मग ओठ हलवून आवाजाशिवाय ‘असो’ म्हणाले.

रेवा खदखदून हसली. तिथंच. आधी नाही, नंतर नाही.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं अजून एकदा होणार, म्हणून ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसली. त्यांनी तिला उचलून छातीशी धरलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे न बघता विचारलं, "ते मिरजेचं म्हणत होतीस. नंबर आहे का तुझ्याजवळ?"

"आहे."

"कुठे लिहिलायस?"

"मोबाइलमध्ये. मिक्सर दुरुस्ती नावानं."

त्यांनी मान हलवली. "उद्या सकाळी लाव. हृषीला मी सांगतो."

त्यांनी हृषीकेशला लगेच फोन केला. गॅलरीत जाऊन बोलले, दार ओढून घेऊन. मला एवढंच ऐकू आलं : "नाही, ती घाबरलेली नाही. मी घाबरलोय. तू ये."

त्या रात्री आई माझ्याजवळ येऊन बसल्या. मग म्हणाल्या की बारशाला आत्यानं रेवाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं, तेव्हा ती हसली नव्हती, रडली नव्हती, काहीच केलं नव्हतं. आत्या म्हणाली होती, शांत आहे. त्यांना ते आत्ता आठवलं. मी त्यांचा हात धरला. मलाही ते कधीचं आठवत होतं.

मिरजेला झोपेत तपासणी करायची होती. म्हणून सकाळपासून रेवाला जागं ठेवायला सांगितलं होतं. हृषीकेशनं तिला गाडीत नाचवलं, अण्णांनी शिंका काढल्या, आईंनी टिकलीचं पाकीट खेळायला दिलं. केंद्रात पोचल्यावर ती माझ्या खांद्यावर गाढ झोपली आणि तिथल्या मुलीनं तिच्या कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवल्या. पडद्यावर रेघा सरकत राहिल्या. मला त्या वाचता येत नव्हत्या. पण तारांवर आयुष्य काढलेले अण्णा माझ्याशेजारी उभे राहून त्या रेघांकडे बघत होते, आणि त्यांचा हात हळूच माझ्या पाठीवर आला तेव्हा डॉक्टर काय सांगणार ते मला कळलं.

दोन्ही कानांत दोष. बराच खोलवर. जन्मापासून असावं. डॉक्टरांनी यंत्राबद्दल, शस्त्रक्रियेबद्दल सावकाश समजावलं आणि म्हणाले की वेळेत आणलंत, पुष्कळ लोक तीन-चार वर्षांनी आणतात. कुणाच्या लक्षात आलं पहिल्यांदा?

हृषीकेशनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"हिच्या," अण्णा म्हणाले. "आम्ही मध्ये गाणं लावून बसलो होतो."

यानंतरची धावपळ सांगत बसत नाही. आधी कानात घालायची यंत्रं झाली, त्यांचा उपयोग झाला नाही, मग पुण्याला शस्त्रक्रिया झाली. हृषीकेशनं दोन खोल्यांचं घर घेतलं आणि आम्ही सगळेच तिकडे गेलो. थाळी आईंनी सांगलीलाच कपाटात ठेवली. पुण्याच्या घरात टेप आला, पण तो कधी लागला नाही. ग्रुपवर अण्णांची ‘छी’ पडत राहिली, ‘आऽऽ’ मात्र कधी पडला नाही. हेरेकरांनी एकदा मुद्दाम फोन करून विचारलं की त्या गुरुवारी तुम्ही कसे काय चुकलात, तुम्ही तर समोर बसला असाल. अण्णा म्हणाले, नातीजवळ होतो. बस, तेवढंच. अर्धी शिंक मात्र चालू राहिली. रोज, रेवा उठली की एकदा, झोपताना एकदा, चष्मा वर करून, बिनआवाजाची.

शस्त्रक्रियेनंतर कानामागचं नवं यंत्र चालू झालं त्या दिवशी रेवा दचकून रडली. सगळी मुलं रडतात, असं सांगितलं होतं. मग महिने गेले. ती दाराच्या घंटेला वळायला लागली. कुकरच्या शिट्टीला कान दाबायला लागली. मी मागून हाक मारली आणि ती वळली, समोर कुणी नसताना, त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

त्यानंतर एका रविवारी दुपारी अण्णांनी टेप पुसून सतरंजीवर ठेवला. हृषीकेश, आई, मी, आम्ही आपापल्या जागी हातातलं काम थांबवून बसलो. अण्णा मांडी ठोकून बसले, रेवाला समोर घेतलं. ती तेव्हा अडीच वर्षांची. त्यांनी बटण दाबलं.

‘डबा विसरला’ सुरू झालं. रेवानं मान तिरकी केली. टेपच्या जाळीवर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. पहिलं कडवं ती कपाळाला आठी घालून ऐकत राहिली. अण्णा हात मांडीवर ठेवून, चेहरा सरळ ठेवून बसले होते. मला कळलं ते काय करताहेत. या खेपेला त्यांची परीक्षा होती, आणि त्यांनी एकच गोष्ट बदलली होती.

पेटीचा सूर लांबला. आऽ. आऽऽ. आऽऽऽ. मास्तर थांबले. "असो," म्हणाले.

रेवा हसली नाही.

तिनं टेपकडे पाहिलं. मग अण्णांकडे पाहिलं. अण्णा हलले नाहीत. त्यांचे ओठ तेवढे घट्ट मिटले होते. दुसरं कडवं चालू झालं. ती थोडा वेळ थांबली, माणूस विसरला असेल म्हणून आपण वाट बघतो तशी. मग गुडघ्यांवर उठली, एक हात त्यांच्या खांद्यावर टेकवला, आणि दुसऱ्या हातानं अण्णांचा चष्मा कपाळावर सरकवला.